आये, अजून एकदा

आई अंगणात हातापायांवर रांगत होती आणि मोबाइल माझ्या हातात होता.

सकाळचे अकरा वाजले असतील. त्या दिवशी मी आईला पाचवारी साडी नेसायला लावली होती. पाहुणे मुंबईचे होते म्हणून. एरवी ती गुडघ्यापर्यंतचं लुगडं नेसते, त्यात तिला पळता येतं, चढता येतं, वाकता येतं. पाचवारीत तिचे गुडघे अडकत होते. दोनदा ती पुढे पडली. दोन्ही वेळा तिनं तळहात झटकले आणि पुन्हा रांगायला लागली.

ओट्यावर सिनेमातली नटी बसली होती. ती आईचं काम करणार होती. माझ्याच वयाची, पस्तिशीच्या आतली. वाईट बाई नव्हती. आल्याआल्या ती आईच्या पाया पडली होती. तिला आईचं रांगणं शिकायचं होतं. गटारातून आई कशी गेली, पाठ कशी ठेवली, मान कुठे होती, हे तिला स्वतःच्या अंगात उतरवायचं होतं. तिच्याबरोबर टोपी घातलेली एक सहायक मुलगी होती. ती म्हणाली, "मावशी, खूप छान. पण इतकं फास्ट नाही. घाबरून रांगा ना. भीती दाखवा."

आई थांबली. मातीत बसून राहिली आणि म्हणाली, "तवा भ्यायला टाइम नव्हता."

त्या दोघी हसल्या. कौतुकानंच हसल्या असतील. मीही हसले.

मग नटी म्हणाली, "एकदा अजून, प्लीज? तू सांग ना तिला."

कुडाच्या आडून शेजारच्या दोन बायका बघत होत्या. आईनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या नजरेत विनंती नव्हती. मी काय म्हणते एवढंच ती बघत होती.

मी म्हणाले, "आये, अजून एकदा."

आई साठीला आलीय. तिचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक होतं. त्यांना सांध्याचं तेल मीच आणून देते. ती पुन्हा हातांवर झाली आणि अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगत गेली. मी मोबाइल तिच्या मागे मागे नेला. चित्र हलू नये म्हणून श्वास धरला होता.

तो व्हिडिओ मी पुसला. मी पाठवलेला त्यांच्याकडे आहेच.

*

आमचा पाडा सफाळ्याच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. आम्ही वारली. पावसाळ्यात भात, थोडी नागली, आणि उरलेलं वर्ष मिळेल ते काम. बाप मी लहान असतानाच वारला. आई बोईसरला एमआयडीसीत जायची. कापडाचा रंग बनवणारी कंपनी होती, आता बंद आहे. आई तिथे ठेकेदाराकडून लागलेली झाडूवाली. शेडमधलं सांडलेलं भरायचं, संडास धुवायचे आणि शेडखालून जाणारं गटार साफ करायचं. हे शेवटचं काम दुसऱ्या कुणी करत नव्हतं. गटाराची लोखंडी जाळी कशी उचकटायची, कुठे वळण आहे, कुठे गाळ गुडघाभर आहे, हे त्या कंपनीत फक्त आईला माहीत होतं.

मी नववीत होते तेव्हा तिथे आग लागली. पुढच्या बाजूला पिंपं फुटली. मागच्या गेटला बाहेरून कुलूप. बायका मधेच चहाला बाहेर जातात म्हणून ठेकेदारानं ते घालून ठेवलं होतं. पॅकिंगमध्ये बारा बायका होत्या. त्या कुलपावर धडका मारत होत्या. आईनं जाळी उचकटली आणि एकेकीला गटारात ढकललं. मग स्वतः पुढे झाली. रंगाचं पाणी, वर धूर, हाताला लागेल ती भिंत. गटार कंपनीच्या कुंपणाबाहेर नाल्यात निघतं. तिथे त्या बाहेर पडल्या.

बारातल्या अकरा.

बारावी सुमन. हे तिचं खरं नाव नाही. खरं नाव तिच्या आईनं मला लिहू दिलेलं नाही. ती एकोणीस वर्षांची होती, आमच्या शेजारच्या पाड्यावरची. तिला कंपनीत कामाला आईनंच लावलं होतं.

आईला कुणी शाल दिली नाही. दोन दिवस पेपरात आलं, 'महिला कामगार बचावल्या'. कुणी वाचवल्या ते आलं नाही. अकरा बायका मात्र आल्या. एकेकीनं आमच्या ओट्यावर बसून रडून घेतलं. आई त्यांना म्हणायची, "बास झाला. चा घ्या." सुमनच्या घरी ती स्वतः गेली. मी बरोबर होते. ती सुमनच्या आईला म्हणाली, "ती पल्ल्याड व्हती. धुरात माला दिसली नाय."

मी नववीतली. मला ते खरं वाटलं.

*

मी शिकले. आधी आश्रमशाळा, मग पालघरला कॉलेज. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाले. औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत लागले, तारापूरच्या बाजूला. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र. तिथे मी 'हाय-नाय' सोडलं. 'आहे-नाही' बोलायला लागले. कुणी गाव विचारलं तर सफाळे म्हणायचे. पाडा म्हणायचे नाही.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात सुरक्षेचा वर्ग होता. पडद्यावर चित्रं दाखवत अधिकारी जुन्या आगींची माहिती देत होते. एक चित्र आईच्या कंपनीचं होतं. मी शेड ओळखली. अधिकारी म्हणाले, "इथे एका सफाईवालीनं घाबरून गटाराचं झाकण उघडलं आणि नशिबानं काही बायका बाहेर पडल्या. पण असं करायचं नसतं. गटारात वायू साचतो. अडाणी माणूस संकटात अशीच चूक करतो."

सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मीही लिहिलं. 'गटारात वायू साचतो.' माझ्या अक्षरात अजून ते आहे.

उठून एक वाक्य बोलायचं होतं. ती माझी आई. गेटला कुलूप होतं. दोन वाक्यं म्हणा. मी बोलले नाही. शेजारची मुलगी म्हणाली, "कसे लोक असतात ना." मी मान डोलावली.

घरी आईनं विचारलं, "काय शिकवला आज?" मी म्हणाले, "असंच. आग लागली तर काय करायचं ते." आई म्हणाली, "मंग? काय करायचा?" मी ताट घेतलं. जेवायला बसले.

ही नोकरी लागायच्या आधीची एक दुपार सांगायला हवी. मी एमआयडीसीत जाते म्हटल्यावर आई दोन दिवस बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं मला विहिरीवर नेलं. तिथे कुणी नव्हतं. घागर खाली ठेवून ती म्हणाली, "सुमन माला दिसली व्हती. तिचा हात माज्या हातात व्हता." वळणावर सुमन थांबली, तिला पुढे येता येईना. मागून बायका ढकलत होत्या, धूर खाली उतरत होता. सुमन आईचं मनगट धरून मागे ओढायला लागली. आईनं तिला दोनदा हाक मारली. मग तिची बोटं एकेक करून उलगडली आणि हात सोडला. मागच्या बायका सुमनच्या बाजूनं पुढे आल्या. सुमन तिथेच राहिली.

"ह्या तुज्यात न माज्यात," आई म्हणाली. घागर भरली, डोक्यावर घेतली, चालायला लागली.

*

मागल्या वर्षी सिनेमावाले आले. अकरातल्या एका बाईचा मुलगा मुंबईत कुठल्या तरी स्टुडिओत कामाला आहे. त्याच्या तोंडून गोष्ट फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेली. लेखक मराठी होता, चष्मेवाला, हळू बोलणारा. दिग्दर्शक बाई हिंदी-इंग्रजी बोलायची, आमच्याशी मराठीही. तिला सगळे मॅडम म्हणत. खऱ्या माणसांच्या आयुष्यावरचे सिनेमे आता चालतात, असं लेखक म्हणाला. "अशा माणसांचं कुणी काही केलंच नाही. आम्ही करतोय."

मला किती आनंद झाला ते सांगायला लाज वाटते. ज्या आईचं नाव मी वर्गात घेतलं नाही, तिच्यावर सिनेमा निघणार म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलं. माझी आई. माझी आई. दिवसभर तेच. मैत्रिणींनी पेढे मागितले, मी वाटले.

कागद आला. इंग्रजीत, बारीक अक्षरात. तिच्या आयुष्याचे हक्क, असं त्याचं नाव होतं. आई म्हणाली, "माज्या आयुष्याचा हक त्यांना? मंग मी काय वापरू?" लेखक हसला. त्याला ते वाक्य इतकं आवडलं की त्यानं वहीत उतरवून घेतलं.

मी आईला कागद वाचून दाखवला. एक ओळ अशी होती, की कथेच्या गरजेप्रमाणे घटना, माणसं, संबंध बदलण्याचा, वाढवण्याचा, गाळण्याचा पूर्ण अधिकार त्यांचा. आणि आईला त्यावर आक्षेप घेता येणार नाही. ती ओळ मी वाचली. मनात. आईला सांगितलं, "तुझी गोष्ट दाखवणार, असं लिहिलंय." आईनं सही केली. सही ती कंपनीत शिकली होती. साक्षीदार म्हणून मी केली.

मग लेखकानं मला बोईसरला एका हॉटेलात कॉफीला बोलावलं. काचेचं हॉटेल होतं, आत थंडगार. एकटीच ये म्हणाला. त्याला अडलं होतं. "आईंचं सगळं ग्रेट आहे. पण त्या फार सरळ आहेत. काही लपवलेलं नाही, काही जखम नाही. अशा माणसाच्या आत काहीतरी असतंच. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय ते."

मला कळत होतं. पूर्वी कुणी माझ्याशी असं बोललं नव्हतं. माझ्या बोलण्याची वाट बघत त्यानं पेन उघडून ठेवलं होतं. मी कपातल्या फेसाकडे बघितलं आणि विहिरीवरची दुपार त्याला सांगितली. सगळी. बोटं एकेक करून कशी उलगडली तेसुद्धा.

त्यानं सगळं लिहून घेतलं, पेन बंद केलं. मग म्हणाला, "थँक यू. हाच सिनेमा आहे."

मी अंगात वारं भरल्यासारखी घरी आले. आई नागलीची भाकर थापत होती. तिच्याकडे बघणं मला जमलं नाही. पोट दुखतं म्हणून मी आडवी झाले.

*

पटकथेचं वाचन एडवणला ठेवलं होतं. समुद्राजवळच्या वाडीत, नारळी-पोफळीत एक बंगला त्यांनी चार दिवस भाड्यानं घेतला होता. आम्हाला न्यायला गाडी आली. अंगणातल्या रांगण्याला तेव्हा आठवडा झाला असेल. आईच्या गुडघ्याची खपली निघाली नव्हती.

मोठ्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. आत गेल्यावर आई सवयीनं भिंतीशी खाली बसली. मी तिच्याशेजारी बसायला हवं होतं. मी मॅडमच्या बाजूच्या खुर्चीवर बसले. कुणीतरी "अरे, आंटी को चेअर दो" म्हणालं, तेव्हा आईला खुर्ची मिळाली, गोलाच्या बाहेर.

वाचन हिंदीत होतं. आई हिंदी बोलत नाही, पण तिला सगळी समजते. वीस वर्षं बोईसरच्या बिहारी-यूपीच्या कामगारांबरोबर तिनं काम केलंय. हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं.

सिनेमात एक तरुण इंजिनिअर होता. शहरातला, देखणा, मजुरांसाठी मालकाशी भांडणारा. गटाराची वाट तो शोधतो. नकाशा पसरून आईला दाखवतो आणि म्हणतो, तू कर सकती है. आई रडते, मैं अनपढ हूं म्हणते, मग जाते. गेटच्या कुलपाचं काय झालं? कुलूप आगीच्या उष्णतेनं अडकलं होतं. ते कुणी घातलेलं नव्हतं.

मी लेखकाकडे बघितलं. त्यानं नजर चुकवली. मॅडम माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "मोठा नट आणायचा तर त्याला काहीतरी करायला द्यावं लागतं. नाहीतर हा सिनेमा बनतच नाही. समझ रही हो ना?"

मी मान डोलावली. पुन्हा.

आई ऐकत होती. इंजिनिअर आला तरी तिचा चेहरा हलला नाही. एकदाच स्वतःशी म्हणाली, "ह्यो कोन?" आणि पदर सारखा केला.

मग वळण आलं. लेखक पाणी प्यायला आणि त्यानं आवाज खाली आणला. धूर. सुमनचं खरं नाव त्यांनी तसंच ठेवलं होतं. सुमन आईचं मनगट धरते. मौसी, मत छोडो. हात निसटतो. बोटं एकेक करून सुटतात, हळूहळू, संगीत थांबतं. पुढे कित्येक वर्षं आई झोपेत तोच हात शोधते.

वाचून झालं. नटीच्या डोळ्यांत पाणी होतं. कुणी टाळी वाजवली, मग दोघातिघांनी.

आई उठून उभी राहिली. सगळ्यांना वाटलं ती काही बोलणार, आशीर्वाद वगैरे देणार. मोबाइल वर झाले. तिनं त्यातल्या कुणाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या ह्यांना कोनी सांगला?"

मी म्हणाले, "पेपरात आलं असेल, आये."

आयुष्यात मी खूपदा खोटं बोलले असेन. यासारखं नाही. आणि तेही टिकलं नाही. लेखक पुढे झाला, हात जोडून, अगदी आदरानं म्हणाला, "आई, ताईंनीच सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला म्हणून हे लिहिता आलं."

आईनं मान हलवली. जणू कुणी तिला गाडीची वेळ सांगितली. पायात चपला घातल्या आणि बाहेर पडली. खिडकीतून मला ती दिसत होती. वाडीतून सरळ रस्त्याला लागली, मागे वळून बघितलं नाही.

मी उठले नाही. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. मी दहा मिनिटं तिथेच बसले. चहा आला, तो घेतला. मला वाटत होतं, ही माणसं दुखावली तर सगळं जाईल. माझी आई रस्त्यानं चालली होती आणि मी त्यांच्या मनाचा विचार करत होते.

मॅडम माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "डोन्ट वरी. ती येईल. तू तिला समजाव. तू तिच्यासारखी थोडीच आहेस. तू शिकलेली आहेस, आमच्यातलीच आहेस."

कितीतरी वर्षं मला हेच वाक्य ऐकायचं होतं. कॉलेजात, प्रयोगशाळेत, त्या काचेच्या हॉटेलात मी त्याचीच वाट बघत होते. आता कुणीतरी ते म्हणालं, आणि मला आमचं अंगण आठवलं. यांच्यातली व्हायला काय लागतं ते माझ्यासमोर होतं. आई रांगायला हवी आणि मोबाइल मी धरायला हवा.

मी कप खाली ठेवला. म्हणाले, "नाय."

"काय?"

"नाय. मी समजावनार नाय. ह्या जमनार नाय."

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडून ही बोली त्यांनी ऐकली नव्हती. मी सांगितलं, सुमनचं पान काढा. तिची आई जिवंत आहे, तिला हे माहीत नाही. इंजिनिअर काढा. असा माणूस नव्हता. कुलूप ठेकेदारानं घातलं होतं.

मॅडम शांतपणे म्हणाली, "कागदावर सही आहे. साक्षीदार तू आहेस. आणि हे बघ, खरं नाव नको असेल तर आपण नावं बदलू. गाव बदलू. पण सीन राहणार. तो आता आमचा आहे."

लेखक म्हणाला, "ताई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"व्हय," मी म्हणाले.

मग बाहेर पडले. आई सफाळ्याच्या रस्त्यावर, बस थांबते तिथे दगडावर बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. ती थोडी सरकली. जागा द्यायला नाही, लांब व्हायला. बस आली. ती पुढे बसली, मी मागे.

*

आई माझ्याशी अकरा दिवस बोलली नाही. स्वयंपाक करायची, ताट वाढायची, ताट पुढे सरकवायची. मी माफी मागितली तर उठून जायची. बाराव्या दिवशी ती म्हणाली, "सुमनच्या आयशीला कोन सांगनार? शिनेमा सांगनार?"

आम्ही दोघी गेलो. दुपारची वेळ होती. सुमनची आई दारात सुपात भात पाखडत बसली होती. म्हातारी झालीय, आईपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. तिनं सूप थांबवलं नाही. आई तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. रडली नाही. धुराला दोष दिला नाही, मागून ढकलणाऱ्या बायकांना दिला नाही. "ती माला मागं वढत व्हती. मी तिची बोटां काढली. मी तुला खोटा सांगला."

सूप कधी थांबलं ते मला कळलं नाही.

सुमनच्या आईनं विचारलं, "कुठला हात?"

आईनं उजवा हात पुढे केला. सुमनच्या आईनं तो धरला नाही, स्पर्श केला नाही. नुसता बघत राहिली. तळहात, बोटं, मनगट. कोंबड्या सांडलेला भात टिपत होत्या, तिनं हाकलल्या नाहीत.

मग म्हणाली, "आता जावा."

मी म्हणाले, "काकी, हे मी त्यांना सांगितलं. माझी चूक हाय. ते सिनेमात घालनार हायत."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू शिकली ना?" एवढंच. सूप घेऊन आत गेली आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही. हळदीला, बारशाला, कुठेही आई दिसली की ती दुसऱ्या बाजूला बसते. मी हे लिहायचं म्हणतेय असं कानावर गेल्यावर एकदाच तिनं निरोप पाठवला. लिहायचं तर लिही, पण माझ्या पोरीचं नाव नको.

मी आईला विचारलं, "लिहू?" ती बराच वेळ चुलीत फुंकत राहिली. मग म्हणाली, "ल्ही. पर त्यांच्यावानी ल्हू नको. हात सुटला नाय. मी सोडला. तसाच ल्ही."

म्हणून तसंच लिहिलंय.

या वर्षीच्या सुरक्षेच्या वर्गात पुन्हा तेच चित्र पडद्यावर आलं. तीच शेड, तेच अधिकारी, तीच अडाणी सफाईवाली. मी उभी राहिले. म्हणाले, "ती माझी आई. ती घाबरली नव्हती. गटार तीच साफ करायची, म्हणून तिला वाट माहीत होती. गेटला बाहेरून कुलूप होतं. तुमच्या चित्रात ते कुलूप का नाही?" अधिकाऱ्यांनी पुढचं चित्र लावलं. दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, कंपनीत घरगुती गोष्टी आणू नका, तुमच्या पुढच्या बढतीचं बघतोय आम्ही. ते अजून बघतायत. पेढे खाल्लेल्या मैत्रिणी आता जेवताना दुसऱ्या टेबलावर बसतात. मी डबा उघडून एकटी जेवते. शरम अजून जात नाही. जाऊही नये.

सिनेमा थांबलेला नाही. नावं बदललीत, गाव बदललंय. गेल्या महिन्यात टोपीवाल्या सहायक मुलीचा फोन आला. बोईसरमध्ये एका बंद शेडमध्ये सेट लावतायत. गटारात रांगायला बायका हव्यात, तुमच्या भागातल्या, खऱ्या दिसतील अशा. आणि मी सेटवर थांबले तर बरं, बोली तपासायला. पडद्यावर माझं नावही देतील, म्हणाली.

मी तिला सांगितलं, मी येणार नाही. बायकांना मी अडवणार नाही, त्यांचं पोट आहे. पण एकेकीच्या ओट्यावर बसून ती कुणाची वाट रांगणार आहे ते तिला सांगेन. मग जायचं की नाही ते ती ठरवेल.

सिनेमा लागेल. इथे बोईसरला लागेल, पालघरला लागेल. त्या दिवशी मी रजा टाकणार आहे. थेटराच्या दारात उभी राहणार आहे. आईला नेणार नाही, तिला मी पुरेसं रांगायला लावलंय. आत जाणाऱ्या, बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगणार आहे. इंजिनिअर नव्हता. वाट एका झाडूवालीची होती. कुलूप माणसानं घातलं होतं. आणि आईनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट एका कॉफीवर त्यांच्या हातात ठेवणारी तिची शिकलेली मुलगी होती. ती मी.

नाव विचारलं तर तेही सांगेन.